ग्राफिक्स कार्डाची बोहनी

आमच्या घरातल्या ग्राफिक्स कार्डाबद्दल ज्यांचे आभार मानायला हवेत, त्यांत वीज कार्यालयातले एक साहेबही आहेत, याचं मला अजून नवल वाटतं. वीज कार्यालयाचे आभार मानणारा माणूस आमच्या कळव्यात सहसा आढळत नाही. आढळलाच तर लोक त्याला सावलीत बसवून पाणी देतात. तरी मी मानतो. विठ्ठलवाडीच्या साईनाथशेठचे मानतो, ठाकुर्लीच्या रत्नदीपचे मानतो, शेजारच्या भगवानकाकांचे तर मानतोच. आणि आईचे मानावेच लागतात, कारण नाही मानले तर माझ्या ताटात कालवणातला नुसता रस्सा येतो.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये, मलाही ठाऊक नव्हतं. कॉम्प्युटरच्या पोटात एक पाटी बसवतात, ती पडद्यावरची चित्रं भराभर काढते. पाटी नसली तरी हिशेब होतात, पत्रं टाइप होतात. पण गेम खेळायला घेतला की कॉम्प्युटरला धाप लागते.

मी ठाण्यातल्या एका पतपेढीत कर्ज विभागात आहे. समोरच्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घ्यायचं आणि शेवटी 'नियमात बसत नाही' असं सांगायचं, हे माझं काम. पतपेढीने जुने कॉम्प्युटर मोडीत काढले तेव्हा एक मी घरी आणला आणि त्यावर मासेमारीचा गेम टाकला. हसू नका. आम्ही खाडीकाठचे कोळी. आमची अख्खी आळी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीत, आणि होडीत पाय ठेवताच उलटी होणारा त्या आळीत मी एकटा. लहानपणी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला नेऊन पाहिलं. पुन्हा नेऊन पाहिलं. मग एक दिवस होडी धुता धुता ते आईला म्हणाले, "ह्याला शिकवू." माझ्या उच्च शिक्षणाचा निर्णय आमच्या घरात असा झाला. तेव्हा खुर्चीत बसून, पोटात काही न ढवळता, सुकाणू धरायचं सुख मला चाळिशीत मिळत होतं, ते मी का सोडावं?

आबांचं नाव दामाजी. त्यांची आणि भगवानकाकांची मिळून एक होडी होती. पोरवयापासून दोघं एका होडीवर, आबा सुकाणूला आणि काका जाळ्याला. आबांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले आता होडी बंद, आणि आबांनी एका सकाळी ती विकून टाकली. काकांना विचारलं नाही. त्यांचा वाटा माझ्या हाती पाठवून दिला. काकांनी पैसे घेतले, मला चहा पाजला आणि तेव्हापासून आमच्या उंबऱ्यात पाऊल ठेवलं नाही. आबांनी खिडकीतली खुर्ची फिरवून खाडीकडे पाठ केली. बोलणंही जवळजवळ बंदच झालं. 'जेवलात का?' म्हटलं तरी 'हं' आणि 'गुडघा दुखतोय का?' म्हटलं तरी 'हं'. आईने खूप दिवस ते सहन केलं, मग तीही त्यांच्याशी 'हं' मध्येच बोलायला लागली. त्या काळात आमच्या घरी आलेला पाहुणा लवकर उठायचा.

एका रविवारी मी गेम खेळत होतो आणि मागून आवाज आला, "पानी असा नसतं."

वळून बघतो तर आबा.

"गेम आहे, आबा."

"गेम आसंल. पन लाट तिकडून येतंय न तुझे होडीचा तोंड इकडं. उलटंल."

होडी उलटली.

"ऊठ," आबा म्हणाले.

माझ्या घरात, माझ्या खुर्चीवरून, माझ्या बायकोसमोर मला उठवण्यात आलं. पण उठताना मला इतका आनंद होत होता की अपमान करून घ्यायचं राहूनच गेलं. आबांनी बाणांची बटणं समजून घेतली आणि होडी हाकायला लागले. ते बोलत होते. वाऱ्याशी, पडद्यावरच्या बंदराशी, समोरून आडवी येणाऱ्या बोटीशी. स्वयंपाकघरातून माझी बायको मेघाली बाहेर आली, तिच्यामागे आई आली, आणि दोघी हातातली कामं घेऊन तिथेच बसल्या. आठवडाभर घरात बोलण्याचा नुसता सुकाळ झाला.

आणि मग होडी अडकायला लागली. बंदरात नीट चालायची, बंदराबाहेर पडली की एकेका जागी थिजून उभी. लाट वर उचललेली, ती खाली येईचना. आबा बटण दाबून दाबून थकायचे. मी माझ्या पतपेढीतल्या रत्नदीपला विचारलं. रत्नदीप ठाकुर्लीला राहतो, घरी यूट्यूबवर कॉम्प्युटरचे व्हिडिओ बघतो आणि ऑफिसात कुणाचाही कॉम्प्युटर बिघडला की बाही सरसावतो. तो म्हणाला, "सिंपल आहे रे. बंदरात पाणी कमी, बाहेर जिकडे बघशील तिकडे पाणी. पाणी काढणं सगळ्यात जड काम. तुझ्या मशीनला समुद्र झेपत नाय."

मी ते आबांना जरा सौम्य करून सांगितलं. ते बटणांवरून हात काढून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. ही पन इकली समज." आणि जाऊन खाडीकडे पाठ करून बसले.

ते वाक्य मला लागलं. मी मेघालीकडे पाहिलं. आमच्या घरात पैसा तिच्या हातात असतो आणि तो तसा असणंच सगळ्यांच्या हिताचं आहे. स्वयंपाकघरात ट्रॉल्या बसवायच्या म्हणून तिने थोडी रक्कम बाजूला टाकली होती. ती म्हणाली, "अहो, ट्रॉल्या काय, कधीही बसतील. पण एवढ्यातच बसवा हं, वर एक पैसा मागू नका." असं तुटपुंजं आणि प्रेमळ बजेट जगात दुसऱ्या कुणाला मिळालं नसेल.

बातमी आळीत पसरली. मी कॉम्प्युटरला काहीतरी आणणार आहे म्हटल्यावर सल्ले घरपोच यायला लागले. एक जण म्हणाला टीव्हीच मोठा घे, म्हणजे पाणी मावेल. एकाने कॉम्प्युटर खिडकीपासून हलवायला सांगितलं, खारी हवा लागते. समोरच्या रंगूबाईंनी दृष्ट काढली. ती कॉम्प्युटरची काढली की माझी, हे मला कळू दिलं नाही. मी सगळ्यांचे आभार मानले आणि रत्नदीपबरोबर विठ्ठलवाडीला जायचं ठरवलं, कारण नवं कार्ड आमच्या बजेटच्या अंगणातही येत नव्हतं आणि तिथे जुन्या मालाचा एक दुकानदार त्याच्या माहितीतला होता.

निघताना आई चपला घालून दारात उभी.

"तू कुठे, आये?"

"जुना माल घ्यायला चाललास ना? मग बघून नको घ्यायला? उद्या सडका आनशील."

माझी आई सगुणा, कळव्याच्या बाजारात गेली कित्येक वर्षं मासळी विकते. तिला बरोबर घेण्यात रत्नदीपला तर फायदाच दिसला. "भावेश, भाव पाडायला मावशीसारखं माणूस नाय मिळणार," तो कुजबुजला. त्याने डावपेचही ठरवला. दुकानदार जो भाव सांगेल त्याच्या निम्मं बोलायचं, मग उठून चालायला लागायचं, मग तो हाक मारेल. मी या सगळ्यात फक्त तोंड पाडून उभं राहायचं होतं. ते मला उत्तम जमतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा साईनाथशेठ नुकतं शटर वर करून उदबत्ती लावत होते. त्यांनी काउंटरवर कार्डं मांडली. आईने पहिलं उचललं आणि नाकाला लावलं. शेठ बघतच राहिले. "करपलाय," म्हणून तिने ते बाजूला ठेवलं. दुसऱ्याच्या बाजूला फटी होत्या, त्या तिने अंगठ्याने कल्ले उघडावेत तशा दाबून बघितल्या. तिसरं चांगलं, आटोपशीर कार्ड होतं, रत्नदीपच्या मते तेच घ्यायचं होतं. आईने ते तळहातावर तोललं आणि म्हणाली, "ह्याच्यात काय नाय, नुसती हाडा." शेवटी मागे ठेवलेलं एक लांबरुंद, तीन पंख्यांचं धूड तिने मागून घेतलं, दोन्ही हातांत धरून वरखाली केलं आणि तिचा चेहरा खुलला. "ह्यो भरलेला हाय. ह्यो द्या."

शेठनी भाव सांगितला. तो ऐकून मला मेघालीच्या ट्रॉल्या डोळ्यांसमोरून जाताना दिसल्या. रत्नदीपने मला डोळा मारला, घसा साफ केला आणि निम्मी रक्कम उच्चारली.

"भाऊ, सकाळची बोहनी आहे, पहिलं गिऱ्हाईक तुम्ही," साईनाथशेठ म्हणाले. "बोहनीला असं नका करू."

बस. आमचा डावपेच तिथे संपला. आई रत्नदीपकडे वळली आणि आजवर मी ऐकलेल्या सर्वांत थंड आवाजात म्हणाली, "बोवनीला कुनाचा भाव पाडायचा नसतं, बाला. दिस खराब जातं त्याचा." मग माझ्याकडे हात पुढे करून म्हणाली, "काढ."

मी काढले. होते ते सगळे काढले, आणि उरलेले आईने कमरेच्या पिशवीतून स्वतः काढले. मासळी विकणाऱ्या बाईशी आयुष्यभर लोकांनी घासाघीस केलेली असते. ती दुसऱ्याशी घासाघीस करील, असं आम्हां दोन शिकलेल्यांना वाटलं कसं, कोण जाणे.

पण खरा धक्का साईनाथशेठना बसला होता. त्यांनी भाव सांगितला होता तो घासाघीस होणार हे धरून. ती झालीच नाही म्हटल्यावर त्यांना ते पैसे हातात धरवेनात. त्यांनी नोटा गल्ल्यात टाकल्या, पुन्हा काढल्या, त्यांतल्या काही आईला परत करू बघितल्या. तिने घेतल्या नाहीत. बोहनीचे पैसे परत घेत नाहीत म्हणाली. मग त्यांनी एक जास्तीचा पंखा दिला, वायरी दिल्या, आणि आम्ही पायरी उतरल्यावर मागून हाक मारून वीज पुरवणारा एक भक्कम डबाही दिला. "ह्याच्याशिवाय ते कार्ड चालणारच नाय, मावशी. मी सांगणार नव्हतो," ते म्हणाले. परतताना रत्नदीप ठाकुर्लीला उतरलाच नाही, कार्ड मांडीवर घेऊन थेट आमच्या घरी आला.

घरी आल्यावर कॉम्प्युटर उघडला आणि कार्ड आत ठेवून बघितलं. रत्नदीपने आडवं ठेवलं, तिरकं ठेवलं, श्वास रोखून ठेवलं. मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बसत नाय रे."

हे शब्द मी इतक्या लोकांना इतक्या वर्षांत ऐकवले होते, पण ते समोरून आले की कसे लागतात, हे मला त्या दिवशी कळलं. मासा भरलेला बघून घेतला होता, टोपाचा आकार कुणी बघितलाच नव्हता. कॉम्प्युटरची पेटी पुढच्या बाजूने कापल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि पत्रा कापायचं मशीन आळीत एकाच माणसाकडे होतं. भगवानकाकांकडे. होडी गेल्यापासून ते लोकांच्या होड्यांची डागडुजी करतात.

"त्याला बोलवायचा नाय," खुर्चीतून आबा म्हणाले. 'हं' पलीकडचं त्यांचं त्या दिवसातलं ते पहिलंच वाक्य.

आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो. तेवढ्यात मेघाली कुठे दिसेना. ती शेजारी गेली होती. काकांच्या दारात उभी राहून तिने एवढंच म्हटलं होतं, "काका, आबांची होडी बंदरात अडकलीय."

भगवानकाका आले ते अनवाणी, खांद्यावर दोराचं वेटोळं आणि हातात मशीन घेऊन. उंबरा ओलांडला हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. आत येऊन त्यांनी टेबलावर उघडी पडलेली पेटी बघितली, तिच्याजवळचा काळा पडदा बघितला, आणि मग खुर्चीतले आबा बघितले. दोर हळूच खाली ठेवला. मला वाटलं आता हे वळून जाणार. पण काका कारागीर माणूस. अडलेलं काम समोर दिसल्यावर त्यांचा पाय निघेना.

"भावेश, तुझे बापाला इचार, कुठवर कापू," ते म्हणाले.

आबा चार हातांवर बसले होते.

"आबा, काका विचारतायत कुठवर कापू."

"त्याला सांग, त्याला डोले हायेत."

"काका, आबा म्हणतायत..."

"ऐकला मी. त्याला सांग, इचारायची पद्धत आसतं, म्हनून इचारला."

ही वाक्यं इकडून तिकडे पोचवताना माझा टपाल खात्याबद्दलचा आदर वाढला. पत्रा कापला गेला. ठिणग्यांनी आमच्या खिडकीच्या पडद्याला दोन भोकं पडली, ती मेघाली अजून पाहुण्यांना दाखवते. कार्ड आत बसलं, शेपटीकडून थोडं बाहेर राहिलं. काका दोर उचलून गेले आणि आबांनी खुर्ची थोडीशी, अगदी थोडीशी, दाराकडे फिरवली.

आम्ही बटण दाबलं. तिन्ही पंखे फिरले, निळे दिवे लागले, आणि अख्ख्या घराची वीज गेली.

पुन्हा लावली, पुन्हा गेली. आईच्या मासळीचा डीप फ्रीझर सुरू झाला की कॉम्प्युटर झोपायचा आणि कॉम्प्युटर उठला की फ्रीझर. या सगळ्यात पापलेटं आणि सुरमई पातळ व्हायला लागली. आईने ती वाया जायला नको म्हणून रातोरात आळीत वाटून टाकली. पुढचे दोन दिवस मी रस्त्याने निघालो की लोक ढेकर देऊन माझं अभिनंदन करायचे.

रत्नदीप म्हणाला, लोड वाढवून घे. मी वीज कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी मीटरवरचं नाव वाचलं आणि ग्राहकाला घेऊन यायला सांगितलं. मीटर माझ्या आजोबांच्या नावावर. मी म्हटलं, ते येऊ शकत नाहीत. त्या म्हणाल्या, रिक्षा करून आणा. मी म्हटलं, ते वारलेत. त्या म्हणाल्या, मग तसा त्यांचा अर्ज हवा. चूक त्यांच्या ध्यानात यायच्या आत मागचा माणूस पुढे सरकला होता. त्यानंतर मी वारसदाखला, घरपट्टी आणि आजोबांचा एक धुरकट फोटो घेऊन चकरा मारत राहिलो, आणि दरवेळी खिडकी बदलत राहिली. पतपेढीत मी त्या दिवसांत लोकांशी फार मऊ बोलायला लागलो होतो, असं रत्नदीप सांगतो.

शेवटी पाहणीसाठी एक साहेब घरी आले. त्यांनी विचारलं, "नवीन लोड कशाचा?" मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "होडीचा."

साहेबांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. "होडी घरात आहे?"

"अडकलेली हाय."

"म्हणजे व्यवसाय. व्यावसायिक मीटर लागेल."

मी त्यांना हाताला धरून कॉम्प्युटरपाशी नेलं. सगळी हकिकत सांगितली, नको तेवढी सांगितली, होडी विकल्यापासून सांगितली. साहेब ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी भिंतीवरचे बोर्ड बघितले, वायर कुठून कुठे जाते ते बघितलं, आणि खाली वाकून फ्रीझरचा प्लग काढून दुसऱ्या खोलीतल्या बोर्डात लावला. वीज गेली नाही. "अर्ज मागे घ्या," ते म्हणाले. "एका वायरवर दोन पैलवान बसवले होते तुम्ही." आईने त्यांच्यासमोर चहा ठेवला. नियमात बसत नाही म्हणून त्यांनी तो घेतला नाही, आणि मला त्यांच्याबद्दल सख्ख्या भावाइतकी माया वाटली.

होडी बंदराबाहेर पडली. खरंच पडली. आबा ताठ बसले होते. लाट वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. आणि मग कार्ड तापलं, पंखे विमानासारखे ओरडायला लागले आणि पडदा काळा झाला.

कार्ड पूर्वी कुठे राबलं असेल ते राबलं असेल, पण आता त्याला ताप सहन होत नव्हता. पंख्यांचा आवाज ऐकून भगवानकाका पुन्हा आले. या वेळी उंबऱ्यात थांबले, खाली बघितलं आणि आत आले. कार्डाला हात लावून त्यांनी निदान केलं, "तापलाय. भावेश, तुझे बापाला इचार, बरफ हाय का."

"त्याला सांग, कोल्याचे घरात बरफ हाय का असा इचारतात का," आबा म्हणाले आणि स्वतः उठले. गुडघे धरून, पण उठले.

आता मासळी गरम होऊ लागली की बर्फात घालायची, हे आमच्या रक्तात आहे. त्या क्षणी खोलीत पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असलेले लोक होते आणि एकालाही त्यात वावगं दिसलं नाही, पदवीधर असलेल्या मलाही नाही. थर्माकोलच्या पेटीत बर्फाचा चुरा भरला, त्यावर गोणपाट आणि त्यावर कॉम्प्युटर. पंखे शांत झाले. आबांनी आणि काकांनी एकमेकांकडे न बघता एकाच वेळी मान डोलावली. मीही डोलावली. आमच्या तिघांच्या माना डोलत असतानाच कार्डावर घामासारखे थेंब जमायला लागले, आतून 'चट्' असा आवाज आला, आणि सगळं विझलं.

ते विझणं साधं नव्हतं. बटण दाबलं तरी काही नाही. दिवासुद्धा नाही.

आबा पुन्हा आपल्या खुर्चीकडे गेले. खुर्ची त्यांनी फिरवली नाही, पण बसले ते मान खाली घालून. काका दारापाशी उभे राहून आपल्या हातांकडे बघत होते. "माझाच हात वाईट," ते म्हणाले. ते मला सांगितलं नव्हतं, आणि आबांनीही मला काही परत सांगायला दिलं नाही. मला रडू आलं. ग्राफिक्स कार्डासाठी रडलो, असं मी पतपेढीत कुठेही सांगितलेलं नाही.

आईने मात्र पदर खोचला. "भिजलाय ना? मग सुकवूया." तिने माझ्याकडून कार्ड सुटं करून घेतलं आणि गच्चीवर नेलं. गच्चीवर सुकट वाळत घातली होती. त्याच फळीवर, सुकटीच्या बाजूला, तिने कार्ड मांडलं आणि कावळे हाकायला काठी घेऊन बसली. रत्नदीप संध्याकाळी आला, त्याने ते दृश्य बघितलं आणि पायरीवरच बसला. मग उठून कार्ड उलटं करून ठेवलं, खालची बाजूही वाळावी म्हणून. मैत्री याहून मोठी काय असते मला माहीत नाही.

रत्नदीपनेच साईनाथशेठना फोन लावला. जुन्या मालाची तक्रार कोण ऐकून घेतो? पण शेठनी विचारलं, "त्या बोहनीवाल्या मावशींचंच का?" आणि पुढच्या रविवारी ते विठ्ठलवाडीहून हत्यारांची पिशवी घेऊन आमच्या घरी आले. कार्ड पुसलं, आत ताप ओढून घेणारी नवी पेस्ट भरली, फुकट दिलेला पंखा कापलेल्या भोकासमोर बसवला. मध्येच त्यांनी कार्ड नाकाला लावलं. "मावशी, याला सुकटीचा वास येतोय," ते म्हणाले. "मग चांगलाच हाय," आई म्हणाली, आणि त्यांच्यासमोर भाकरी आणि कोलंबीचं कालवण वाढलं. पैशाचं नाव काढल्यावर त्यांनी कानावर हात ठेवले.

कॉम्प्युटर सुरू झाला.

मी खुर्चीत बसलो होतो. कुणी सांगायची वाट न बघता उठलो. आबा बसले. होडी बंदराच्या तोंडाशी आली, बाहेर पडली, आणि थांबली नाही. पाणी सगळीकडे होतं आणि सगळं हलत होतं. कुठे हिरवं, कुठे मातकट, लाटेच्या पाठीवर ऊन पडलेलं. आबा पडद्याकडे वाकले आणि हलकेच म्हणाले, "हां. ह्या पानी."

भगवानकाका दारातच होते. मेघालीने त्यांच्यासाठी आबांच्या बाजूला स्टूल ठेवलं. त्या गेममध्ये दोघांना खेळता येतं, एकाने सुकाणू धरायचं आणि दुसऱ्याने जाळं सोडायचं. हे मला माहीत होतं, पण इतके दिवस दुसरा नव्हता. मी काकांच्या हातात दुसरं बटणांचं यंत्र दिलं. काका बसले. त्यांनी जाळं सोडलं ते चुकीच्या बाजूला, आबांनी होडी वळवली ती भलतीकडे, जाळं होडीच्या पंख्यात अडकलं, आणि दोघं मोठमोठ्याने एकमेकांना आपापल्या भाषेत काय काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण ते सरळ एकमेकांना म्हणत होते. मला मध्ये कुणी घेतलंच नाही. होडी खडकावर आपटली आणि बुडाली.

पडद्यावर 'पुन्हा सुरू करायचं का' असं इंग्रजीत विचारलं होतं. मी आईकडे पाहिलं. आईने मेघालीचा हात धरून ठेवला होता. साईनाथशेठचा घास हातातच राहिला होता, आणि त्या माणसाला आमच्या घरातली काहीही माहिती नव्हती. या सगळ्यांनी माझ्यासाठी आणि माझ्या बापासाठी काय काय केलं, ते मला त्या क्षणी दिसलं. आयुष्यात आपलं असं काय पुण्य होतं, असं वाटलं.

आबांनी बटण दाबलं. होडी पुन्हा बंदराच्या तोंडाशी उभी राहिली, समोर मोकळं पाणी. आबांनी सुकाणूवरून हात उचलला. मान वळवून शेजारी बघितलं.

"भगवान," ते म्हणाले, "तू सांग. कुठं न्यायची?"

काका पाण्याकडे बघत राहिले, वाऱ्याकडे बघितलं, लांबवर दिसणाऱ्या बेटाकडे बघितलं. मुद्दाम वेळ लावत होते, हे आम्हां सगळ्यांना कळत होतं.

आबा थांबले.